घरात जपलं म्हणून मुलीची प्रतिकारशक्ती कमी झाली का?

प्रश्न : माझी मुलगी २०२० च्या जानेवारीत झाली. पुढची दीड-दोन वर्षं आम्ही तिला जिवापाड जपलं. कुणाकडे नेलं नाही, कुणाला फारसं घरी येऊ दिलं नाही. त्या काळात तिचं साधं नाकही गळलं नाही. २०२२ मध्ये ती पाळणाघरात जायला लागली आणि एकामागून एक दुखणी सुरू झाली. त्यातच आरएसव्ही (लहान मुलांच्या फुप्फुसांना त्रास देणारा श्वसनाचा विषाणू) झाला, तोही डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा हंगाम नसताना. तीन दिवस ऑक्सिजनवर होती. आता शाळेत जाते, तरी दर महिन्या-दीड महिन्याला सर्दी-खोकला ठरलेला. सासूबाई म्हणतात, ‘कोंडून ठेवलंत, म्हणून पोर नाजूक झाली.’ नवऱ्याचं म्हणणं, आता मुद्दाम सगळ्यांत मिसळू दे, आजारी पडली तर पडू दे, त्यानेच घट्ट होईल. मला सध्या पाचवा महिना आहे. येणाऱ्या बाळाच्या बाबतीत तीच चूक परत करायची नाही, पण चूक नेमकी कोणती होती तेच कळत नाही. आणि सगळ्या आजारांचे हंगामच इकडचे तिकडे झाले असतील, तर फ्लूची लस तरी कधी घ्यायची? – एक आई

उत्तर : नमस्कार.

तुमच्या मनाला जे लागून राहिलंय, त्याचं उत्तर आधी देते. तुम्ही मुलीची प्रतिकारशक्ती बिघडवलेली नाही. तिला होणारे आजार टळले नाहीत, पुढे ढकलले गेले. आणि तान्हेपणातून दोन वर्षांवर ढकलले गेले, ही तिच्या बाबतीत चांगलीच गोष्ट झाली. असं का म्हणते, ते नीट सांगायला हवं. कारण तुमच्या घरात चाललेला वाद त्या काळानंतर असंख्य घरांत झाला आहे आणि पुष्कळ आया हे ओझं अजून वाहताहेत.

कोविड आला तेव्हा जगभर एक अशी गोष्ट घडली, जी श्वसनाच्या आजारांवर काम करणाऱ्यांनी कधी पाहिली नव्हती. फ्लू जवळजवळ नाहीसा झाला. ऑस्ट्रेलिया, चिली आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांत एप्रिल ते जुलै हे फ्लूचे महिने. २०२० मध्ये त्या चार महिन्यांत तिथे ८३,३०७ नमुने तपासले गेले आणि फ्लू सापडला फक्त ५१ जणांत. त्याआधीच्या तीन वर्षांत याच महिन्यांत शंभरातले जवळपास चौदा नमुने पॉझिटिव्ह येत असत. म्हणजे कोविडच्या गडबडीत फ्लू तपासायचा राहून गेला, असं नाही. तपासला आणि सापडला नाही. अमेरिकेत २०१९-२० च्या हंगामात फ्लूने गेलेल्या मुलांची नोंद १९९ होती. पुढच्या हंगामात ती एक होती.

मग त्याच मास्कने आणि त्याच लॉकडाऊनने कोविड का थांबला नाही, हा प्रश्न कुणालाही पडेल. याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. नेहमीच्या हंगामात फ्लूचे दहा रुग्ण साधारण तेरा जणांना तो देतात. सुरुवातीच्या काळात कोविडचे दहा रुग्ण पंचवीस-तीस जणांना देत होते. आता लोकांच्या गाठीभेटी निम्म्यावर आल्या असं धरा. फ्लूचे दहा रुग्ण आता सहा-सात जणांनाच देणार, ते सहा-सात चौघांना, ते चौघे दोघा-तिघांना, आणि साखळी तुटणार. कोविडचे दहा मात्र अजूनही बारा-पंधरा जणांना देणार, म्हणजे वाढ मंदावली तरी चालूच. उपाय तेच, पण फ्लूला ते पुरून उरले आणि कोविडला अपुरे पडले. त्यात विमानं थांबली होती. फ्लू एका गोलार्धातून दुसऱ्या गोलार्धात माणसांबरोबरच प्रवास करतो, त्यामुळे बाहेरून नवी ठिणगी यायचीही बंद झाली.

यात एका विषाणूने मात्र फारशी दाद दिली नाही : साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस. कडक निर्बंधांत तोही कमी झाला, पण शाळा उघडल्या की काही आठवड्यांत परत हजर. फ्लू, आरएसव्ही आणि कोविड या तिन्ही विषाणूंवर चरबीचं पातळ आवरण असतं. साबण आणि सॅनिटायझर ते आवरण मोडतात, की विषाणू निकामी. ऱ्हायनोव्हायरसला ते आवरणच नाही. अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा त्याच्यावर तितका परिणाम होत नाही आणि दाराच्या कडीवर, खेळण्यांवर तो बराच वेळ टिकतो. तुमच्या मुलीला आज दर महिन्याला होणाऱ्या सर्दीत त्याचाच वाटा सर्वांत मोठा असणार. म्हणून शाळेतून आल्यावर सॅनिटायझरपेक्षा साबण-पाण्याने हात धुणं जास्त कामाचं.

आता आरएसव्हीकडे येते, कारण तुमच्या मुलीला तोच झाला. एरवी दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी होऊन जातो. थंड हवेच्या देशांत तो हिवाळ्यात येतो, उष्ण प्रदेशांत बऱ्याच ठिकाणी पावसाळ्याच्या सुमाराला. ऑस्ट्रेलियात २०२० चा हिवाळा आरएसव्हीविना गेला. सगळ्यांनी हुश्श केलं. आणि त्या वर्षाच्या अखेरीला, तिथल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, मुलांचे वॉर्ड भरू लागले. न्यूझीलंडमध्ये २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाशी प्रवास खुला झाला आणि त्या हिवाळ्यात आरएसव्हीची मोठी लाट आली. अमेरिकेत तो २०२१ च्या भर उन्हाळ्यात पसरला. तुमच्या डॉक्टरांना ‘हंगाम नसताना कसा?’ असा प्रश्न पडला, तो त्या दोन वर्षांत अनेक देशांतल्या बालरोगतज्ज्ञांना पडला होता.

हंगाम म्हणजे फक्त हवामान, असं आपण धरून चालतो. थंड-कोरडी हवा, बंद खोल्या, भरलेले वर्ग, या सगळ्याने विषाणूला हात मिळतो हे खरंच. पण दुसरी बाजू असते ती म्हणजे ज्यांना तो आजार अजून झालेलाच नाही, अशांची संख्या. एरवी ही संख्या बेताची असते, कारण दर वर्षी त्यातली बरीच मुलं आजारी पडून बाहेर येतात आणि तेवढीच नवी जन्मतात. म्हणून विषाणूला हवामानाच्या टेकूची गरज लागते आणि तो ठरलेल्या महिन्यांतच डोकं वर काढतो. निर्बंधांच्या काळात मुलं जन्मत राहिली, पण आरएसव्हीने आजारी जवळजवळ कुणीच पडलं नाही. गाडी रद्द झाली नव्हती, फक्त लेट होती, आणि फलाटावर दोन वर्षांचे प्रवासी साठले होते. इतकी मुलं एकदम सापडल्यावर आरएसव्हीला हिवाळ्याची वाट पाहायचं कारणच उरलं नाही. हे असं होईल, असा इशारा अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्येच गणिताच्या आधारे दिला होता.

आणखी एक भर पडली. बाळाला पहिले काही महिने आईकडून नाळेतून मिळालेल्या अँटीबॉडीज सांभाळतात. मोठ्या माणसांनाही आरएसव्ही अधूनमधून होत असतो, नुसत्या सर्दीसारखा, आणि त्यानेच त्या अँटीबॉडीज ताज्या राहतात. आयांनाच दोन वर्षं तो भेटला नाही, तेव्हा त्यांच्याकडून बाळांना मिळणारी शिदोरीही आटली.

आता तुमच्या मुलीचं पाहा. आरएसव्ही सर्वांत धोक्याचा असतो तो पहिल्या सहा महिन्यांत. तेव्हा फुप्फुसातल्या बारीक नळ्या इतक्या अरुंद असतात की थोडी सूज आणि थोडा कफ साचला तरी हवा अडते. ती तान्ही असताना हा आजार आला असता, तर दोन वर्षांची असताना आला त्यापेक्षा जड जाण्याचीच शक्यता जास्त होती. तीन दिवस ऑक्सिजनवर असलेलं लेकरू पाहणं काय असतं, ते मी नाकारत नाही. पण जपल्यामुळे ती तिथे पोचली, हे खरं नाही. एरवीही तो आजार तिला बहुधा झालाच असता. तुम्ही तिला त्यासाठी मोठं व्हायला वेळ मिळवून दिलात.

सासूबाई जे म्हणतात, ते वेगळ्या शब्दांत तुम्ही वाचलंही असेल : ‘प्रतिकारशक्तीचं कर्ज’. ही कल्पना २०२१ मध्ये फ्रान्समधल्या बालरोगतज्ज्ञांनी मांडली. ती संपूर्ण लोकसंख्येबद्दल होती. आजार न होऊन गेलेली मुलं समाजात साठली, की पुढची लाट मोठी येते, एवढाच तिचा अर्थ. तो बरोबर ठरला. पण पुढे चर्चेत तिचा विपर्यास झाला आणि ‘घरात राहिलेल्या मुलाची रोगाशी लढायची ताकदच गेली’ असं लोक मानू लागले. शरीराची संरक्षण यंत्रणा महिनोन्महिने सर्दी झाली नाही म्हणून गंजत नाही. अन्नातून, त्वचेवरून, आतड्यातल्या अब्जावधी जिवाणूंशी तिचा दिवसभर संबंध येतच असतो. लसींमुळेही ती शिकत असते. तुमच्या मुलीला आरएसव्हीची ओळख नव्हती, इतकंच. ओळख नसणं आणि दुबळं असणं यांत फार अंतर आहे.

म्हणूनच तुमच्या यजमानांचं म्हणणंही मला मान्य नाही. मुलीने इतरांत मिसळावं, खेळावं, शाळेत रोज जावं, हे अगदी योग्य. ते मुलांना हवंच असतं. पण आजारपण हा व्यायाम नव्हे. आरएसव्ही होऊन गेल्यावर मिळणारं संरक्षण अपुरं आणि थोड्या काळाचं असतं, तो आयुष्यभर पुन्हा पुन्हा होऊ शकतो. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, एकाची सर्दी झाली म्हणून दुसरा सोडत नाही. मुद्दाम आजारी पडून पदरात पडतं ते थोडं आणि त्यातला धोका खरा, विशेषतः घरात लवकरच तान्हं बाळ येणार असताना. लहान मुलांना वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे सर्वसाधारण आहे, आणि एकेका सर्दीतला खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. दर महिन्या-दीड महिन्याला होणारी तुमच्या मुलीची सर्दी या हिशेबाच्या फारशी बाहेर नाही. ती वाढीला लागली असेल, मधल्या काळात हसती-खेळती असेल, तर प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या औषधांच्या मागे लागू नका. आणि प्रत्येक सर्दीला अँटिबायोटिक मागू नका, विषाणूवर ते चालत नाही.

महासाथ इतर विषाणूंना हलवते, ती फक्त आपल्या वागण्यामुळे हलवते असंही नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची महासाथ आली, तेव्हा जगभर लॉकडाऊन नव्हतं. तरीही त्या वर्षी काही देशांत आरएसव्ही उशिरा आला. उलट फ्रान्स आणि स्वीडनमध्ये शाळा सुरू होताच ऱ्हायनोव्हायरसची सर्दी पसरली आणि नव्या फ्लूची लाट अपेक्षेपेक्षा उशिरा चढली. एका विषाणूने दुसऱ्याची वाट अडवली होती. पेशीत विषाणू शिरला, की ती पेशी शेजारच्या पेशींना सावध करणारी प्रथिनं सोडते. त्यांना इंटरफेरॉन म्हणतात. १९५७ मध्ये लंडनमध्ये शास्त्रज्ञ ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी ती शोधली. पुढे अमेरिकेतल्या येल विद्यापीठात माणसाच्या श्वासमार्गाच्या पेशींना आधी ऱ्हायनोव्हायरस दिला आणि तीन दिवसांनी फ्लू, तेव्हा इंटरफेरॉनमुळे फ्लूला तिथे हातपाय पसरता आले नाहीत. हे ऐकून ‘मग सर्दी झालेली बरी’ असा अर्थ काढू नका. हे संरक्षण थोड्या दिवसांपुरतं असतं, आणि एकाच वेळी दोन विषाणूंनी गाठल्याची उदाहरणंही काही कमी नाहीत.

कधी कधी तर जुना विषाणू नाहीसाच होतो. १९५७ च्या आणि १९६८ च्या महासाथींत नव्या फ्लूने आधीच्या फ्लूला हुसकावून लावलं होतं. २००९ नंतर त्याआधीचा मोसमी एच१एन१ हा फ्लूचा प्रकार दिसेनासा झाला. कोविडच्या काळात ‘बी यामागाता’ हा फ्लूचा एक वंश असाच गेला. मार्च २०२० नंतर तो खात्रीने कुठेही आढळलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या लशीत त्याची गरज उरली नसल्याचं सांगितलं. म्हणून हल्ली चाराऐवजी तीन घटकांची लस मिळाली, तर ती कमी प्रतीची आहे असं समजू नका.

फ्लूच्या लशीच्या वेळेबद्दल तुम्ही विचारलं आहे. २०२२ मध्ये बऱ्याच ठिकाणी फ्लू आणि आरएसव्ही दोन्ही लवकर आले, अमेरिकेत तर फ्लूची लाट डिसेंबरच्या सुरुवातीलाच शिखरावर होती. त्यानंतर गाडी हळूहळू रुळावर आली आणि हे विषाणू बहुतेक ठिकाणी आपापल्या जुन्या महिन्यांच्या जवळ परतले आहेत. तेव्हा नेहमीचा नियम पुरेसा आहे : तुमच्या भागातला फ्लूचा हंगाम सुरू होण्याआधी लस घ्यायची, कारण तिचा परिणाम व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. जागतिक आरोग्य संघटना लशीतले घटक वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. सध्या कोणती लस ताजी आहे, ते डॉक्टरांना विचारा. पण तुम्ही गरोदर आहात. हंगाम चालू असेल किंवा जवळ आला असेल, तर अजून थांबावं का, असा विचार करू नका. ही लस कुठल्याही महिन्यात घेता येते, फक्त ती टोचायची, निष्क्रिय विषाणूची असावी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्याला मिळेल ते तुमच्याकडूनच.

आरएसव्हीच्या बाबतीत तुमच्या मुलीच्या वेळी नव्हतं असं काही आज आहे. २०२३ पासून गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईला द्यायची लस उपलब्ध झाली आहे, तिच्यातून तयार झालेल्या अँटीबॉडीज बाळाला जन्मापासून मिळतात. दुसरा मार्ग म्हणजे जन्मानंतर बाळालाच तयार अँटीबॉडीचं एक इंजेक्शन, निर्सेविमॅब. त्याचं संरक्षण निदान पाच महिने, म्हणजे सर्वांत नाजूक काळात टिकतं. बहुतेक बाळांना या दोन्हींपैकी एकच पुरतं. तुम्ही राहता तिथे यातलं काय मिळतं आणि नेमक्या कोणत्या आठवड्यात घ्यायचं, हे पुढच्या तपासणीला विचारा. पाचवा महिना म्हणजे विचारायची अगदी योग्य वेळ.

बाळ आल्यावर त्याला काचेच्या कपाटात ठेवायची गरज नाही. पहिले दोन-तीन महिने मात्र ज्यांना सर्दी-खोकला आहे, त्यांनी बाळाला घेऊ नये, मुका तर मुळीच घेऊ नये. हे सांगताना संकोच करू नका. ताईला शाळेतून आल्यावर आधी हात धुवायची सवय आत्तापासून लावा, ती सर्दीत असेल तेव्हा बाळाच्या पायांशी खेळू दे, तोंडाशी नको. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती बंद व्हायला हवी, धुराने आरएसव्ही जास्त जड जातो. खोलीत हवा खेळती ठेवा. अंगावर दूध पाजा.

आणि एक गोष्ट आई-वडील दोघांनीही शिकून ठेवा : श्वास मोजणं. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना अंगातलं झबलं वर करून छाती-पोट उघडं ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान बाळांचा श्वास मध्येच थबकतो आणि मध्येच वेग घेतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हा वेगवान श्वास, तो डॉक्टरांना दाखवायचाच. मोजताना बरगड्यांखालची जागाही पाहा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हल्यासारखा आवाज काढत असेल, तर आकडा न पाहता दवाखान्यात निघा. दूध ओढता ओढता दमून सोडून देणं, नेहमीपेक्षा निम्म्यावर येणं, लंगोट बराच वेळ कोरडा राहणं, ओठ निळसर दिसणं, श्वास मध्येच थांबणं, आणि तीन महिन्यांच्या आत ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, यातल्या कुठल्याही एका गोष्टीला सकाळपर्यंत थांबायचं नाही. आरएसव्हीत साध्या सर्दीने सुरुवात होते आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास शिगेला पोचतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ‘ठीक आहे’ म्हटलं असलं, तरी चौथ्या दिवशी पुन्हा दाखवायला लाजू नका. खोकल्याची तयार औषधं तान्ह्या बाळाला घरच्या घरी देऊ नका. नाक चोंदलं असेल, तर दूध पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब पुरतात.

सासूबाईंशी वाद घालायची गरज नाही. त्यांना नातीची काळजी आहे आणि येणाऱ्या बाळाला मांडीवर घेण्यात त्यांचा वाटा मोठा असणार. फ्लू आणि आरएसव्ही उतारवयातही जड जातात. साठीपुढच्यांसाठी आरएसव्हीची लसही २०२३ पासून निघाली आहे, फ्लूची तर दर वर्षी घ्यायची असतेच. तुम्ही स्वतःच्या लशीसाठी जाल, त्या दिवशी त्यांनाही बरोबर न्या आणि त्यांना कोणती द्यायची, हे डॉक्टरांना तिथेच विचारून घ्या.